वाढवलेली मुभा

"ती मी वाढवली की. तीन वर्षं झाली," प्रभाकाकू म्हणाल्या.

"वाढवलीत म्हणून तर बोलावलंय," मी म्हणाले.

"वाढवली म्हटल्यावर विषय संपला ना? परत कशाला बोलावताय मग?"

मी म्हटलं, काकू, वाढवल्यावरच बोलवावं लागतं, कायदाच आहे तसा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. या बाईला सरकार पगार कशाचा देतं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता. मलाही राग यायला लागला होता. सकाळी दहाची वेळ, अजून चहा झालेला नाही, आणि समोरची बाई माझंच वाक्य मला परत करतेय. माझा स्वभाव मुळात फटकळ. गेली चार वर्षं मी बार्शीच्या दप्तर-केंद्रात तपासनीस म्हणून आहे आणि 'कोरेबाईंच्या टेबलाला जाऊ नका, खेकसतात' अशी माझी गावात ख्याती आहे.

आता दप्तर म्हणजे काय हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. तरी माझी सवय जात नाही, सांगतेच.

कायदा यायच्या आधी आपली माहिती ज्या त्या कंपनीकडे पडलेली असायची. एखादं ॲप उतरवलं की ते फोनमधलं सगळं खरवडून न्यायचं, आणि पुढे त्याचं काय करायचं ते त्याचं त्याला ठाऊक. आता माणशी एक दप्तर. नाडी, झोप, औषधं, रक्तातली साखर, कुठे गेलो-आलो, स्वतःशी काय बोलून ठेवलं, सगळं एका जागी आणि कुलपात. बाहेरच्या ॲपला आम्ही पाहुणा म्हणतो. पाहुण्याला माहिती उचलून नेता येत नाही. त्याने दारात उभं राहून प्रश्न विचारायचा. दारावर राखणदार असतो, म्हणजे एक प्रोग्रॅमच, तो दप्तरातली एकेक ओळ तपासतो. ही ओळ या पाहुण्याला दाखवायची मुभा आहे का? असेल तर तेवढंच दाखवतो. नसेल तर ती ओळ अस्तित्वातच नाही असं वागतो. पाहुणा कधी आला आणि काय बघून गेला याची पाऊलनोंद होते. ती कुणालाही खोडता येत नाही, खुद्द मालकालाही नाही.

मुभा देताना तीन गोष्टी सांगायच्या: कुणाला, कुठपर्यंत आणि कधीपर्यंत. कुठपर्यंत हे लोकांना समजावं म्हणून आम्ही घरातलीच नावं वापरली. ओसरी म्हणजे वरवरची खुशाली, चालणं-फिरणं, नाडीची सरासरी. माजघर म्हणजे झोप, औषधं, साखर, ठोक्यान् ठोका. आणि सगळ्यात आतलं कपाट. माणूस दप्तराशी जे बोलून ठेवतो ते कपाटात जातं. कपाट सहसा कुणी कुणाला उघडून देत नाही. नवराबायकोसुद्धा देत नाहीत, हे मी इथे बसून पाहिलंय.

म्हणून तर कायद्याने म्हटलंय की कपाटापर्यंतची आजन्म मुभा कुणी दिली असेल, तर तीन वर्षांनी मालकाला समोर बसवून विचारायचं, बाई गं, हे तुला अजून हवंय ना?

प्रभावती रासने, वय अडुसष्ट, व्यवसाय बांगड्यांचं दुकान, कासार गल्ली. पाहुणा: 'खुशाली' नावाचं ॲप. बघणारी व्यक्ती: मुलगी मयूरी, मुक्काम कोइमतूर. मुभा: कपाटापर्यंत, आजन्म. मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, चालू ठेवायचं असेल तर 'हो' म्हणा, चहा मागवते.

काकूंचा हात टेबलावर होता तो त्यांनी मांडीवर घेतला. मग अगदी हळू विचारलं, "चालू आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी तीन वर्षांपूर्वीचा त्यांचा हुकूम काढला. लोक टाइप करत बसत नाहीत, दप्तराला तोंडाने सांगतात, आणि त्यांचा आवाज पुरावा म्हणून जपून ठेवलेला असतो. तो मी लावला. खोलीभर काकूंचाच आवाज आला, संतापलेला, जरा रडवेला.

"मयूरीला दिलेलं सगळं वाढव. आत्ताच्या आत्ता वाढव."

आणि त्यावर यंत्राचं गोड उत्तर: आपल्या सूचनेप्रमाणे मयूरी यांची मुभा वाढवली आहे.

कासाराच्या दुकानात बांगडी फुटत नाही. ती वाढते. फुटणं, तुटणं, संपणं हे शब्द तिथे उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मंगळसूत्र तुटलं तर वाढवलं म्हणायचं, कुंकवाचा करंडा रिकामा झाला तरी कुंकू वाढलं म्हणायचं. आपल्या सगळ्यांच्याच घरी हा शब्द होता. नारळ तर आपण अजूनही वाढवतोच. पण ज्यांच्या हातून दिवसाकाठी पाच-दहा बांगड्या वाढतात, त्यांच्या तोंडात तो पक्का बसलेला. एवढी चिडलेली असतानाही ही बाई लेकीच्या नावापुढे 'तोड' म्हणू शकली नव्हती.

मी खुर्चीत मागे टेकले, कारण पुढचं मला एकटीलाच माहीत होतं. दप्तराला मराठी शिकवायचं काम निघालं तेव्हा पुण्यात बारा जणांना बसवलं होतं, त्यात मी होते. मराठीत एम.ए. झालेली आणि नोकरी नसलेली. प्रत्येकाला क्रियापदांची यादी दिली होती. यंत्राला चारच हुकूम कळत होते: दे, थांबव, कमी कर, जास्त कर. माणसं बोलतात ती शेकडो क्रियापदं त्या चार खणांत टाकायची होती. 'वाढव' माझ्या यादीत आला. आवाज वाढव, पगार वाढव, मुदत वाढव. मी तो 'जास्त कर'च्या खणात टाकला आणि पुढच्या शब्दाकडे वळले. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

हे मी काकूंना सांगून टाकलं. का ते विचारू नका, राहवलं नाही. चूक यंत्राची नाही, ती माझी आहे, असं म्हटलं.

काकूंनी माझ्या दोन्ही मनगटांकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. "तरीच," एवढंच त्या म्हणाल्या.

भांडण झालं कसं, ते मग त्यांनी सांगितलं. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यावर मयूरीने आईला पाटली पाठवली. दिसायला पितळी पाटलीच, पण आत नाडी आणि साखर मोजणारी चकती. काकूंनी ती हौसेने घातली, आणि खुशाली ॲपला फक्त ओसरीपर्यंत, एक वर्षाची मुभा दिली. लेक लांब आहे, तिला तेवढंच समाधान. वैशाखात एके दुपारी मयूरीला तिकडे आईच्या नाडीची सरासरी एकदम घसरलेली दिसली. आईला फोन केला तर ती 'काही नाही गं' म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने परस्पर बार्शीतल्या एका डॉक्टरला दुकानात पाठवलं.

काकू तेव्हा नवरीला चुडा भरत होत्या. भोवती तिच्या आत्या, मावश्या. डॉक्टर नवखा. त्याने आल्या आल्या काकूंचं मनगट धरलं, आणि काकूंच्या हातात नवरीचा हात होता. बांगडी वाढली, नवरीच्या हातातली. आत्याबाई उठल्या, त्यांच्यामागे सगळ्या उठल्या आणि अर्धवट चुडा घेऊन दुसऱ्या दुकानात गेल्या. त्या लग्नसराईत पुन्हा एकही नवरी काकूंकडे आली नाही. बाजारपेठेत गोष्ट पसरायला काय लागतं?

"मी तिला फोन केला," काकू म्हणाल्या. "म्हटलं, विचारायचं तरी होतंस. तर म्हणते, आई, बांगडीपेक्षा तुझा जीव मोठा आहे. खरंच बोलली ती. म्हणून तर जास्त लागलं."

त्या संध्याकाळी त्यांनी दप्तराला हुकूम सोडला, मयूरीचा नंबर अडवायला शेजारच्या घड्याळवाल्याला सांगितलं, आणि बोलणं थांबलं. तीन वर्षं. नाडीची गोळी मात्र तेव्हापासून चालू आहे, हे त्यांनी जाता जाता, मी विचारलं नसताना सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "तिने बघितलं का काही?"

मी पाऊलनोंद उघडली. मला वाटलं होतं दोन-चार वेळा बघितलं असेल, पुढे कंटाळा आला असेल. पोरं कंटाळतात. पण यादी खाली खाली जातच राहिली. मयूरी रोज आली होती. एकही दिवस खाडा नाही. सकाळी माजघर आणि संध्याकाळी कपाट.

"कपाटात काय आहे माझ्या?" काकूंनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचं त्यांनाच आठवलं. दुकान बंद करताना त्या रोज दप्तराला माल सांगून ठेवत. हिरव्या दोन-चारच्या मापाच्या थोड्याच राहिल्या, लाल दोन-सहाच्या मागवायच्या, असं. आणि ते सांगता सांगता मधेच लेकीशी बोलायच्या. मी विचारलं, काय बोलायचात? तर पदराने तोंड पुसून म्हणाल्या, शिव्या द्यायचे. माझं काळीज काढून नेलंस, आता बसलीस तिकडे इडल्या खात. कधी नुसतं, आज थंडी आहे, तुला स्वेटर घालायची अक्कल आहे का नाही.

"ते मी भिंतीशी बोलत होते मॅडम. कुणी ऐकावं म्हणून नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. लाज होती, आणि रागही होता. साहजिकच आहे. आपण एकटे आहोत असं समजून तीन वर्षं जे बोललो ते कुणी बसून ऐकलं म्हटल्यावर अंगावर काटा येणारच, ऐकणारी पोटची पोर असली म्हणून काय झालं.

पुढचं सांगणं माझ्या जिवावर आलं होतं, पण सांगितलं. मुभा चुकून वाढली आणि बघणाऱ्याला ती चूक माहीतच नव्हती, तर दोष आमचा. मला ठपका बसेल, मयूरीला काही होणार नाही. पण चूक आहे हे कळूनही ती बघत राहिली असेल, तर तो गुन्हा. मग मालकाच्या हातात आहे. मालकाने तक्रार केली तर बघणाऱ्याचं नाव दारबंद यादीत जातं. त्या नावाला कुणाचंच दप्तर उघडत नाही, दहा वर्षं.

मयूरी कोइमतूरला एका हृदयरोगाच्या इस्पितळात होती. रोग्यांच्या दप्तरातली नाडी वाचायची आणि धोका कुठे आहे ते डॉक्टरला दाखवायचं, हेच तिचं काम. दारबंद झाली तर नोकरीच नव्हे, शिकलेलं सगळंच गेलं.

बाहेर माझ्या टेबलासाठी थांबलेले लोक दारातून डोकावत होते, त्यांना मी नेहमीप्रमाणे खेकसून दुसऱ्या खिडकीला पाठवलं.

"तिला माहीत नव्हतं असं लिहा," काकू म्हणाल्या.

म्हटलं, तसं मला लिहिता येत नाही. तिचा जबाब घ्यावा लागतो, तोही आजच आणि तुमच्यासमोर.

"माझ्यासमोर?"

"तुमच्यासमोर."

त्यांनी केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला. तीन वर्षांनी लेक बघणार होती. रागावलेल्या बाईने एवढं कशाला करावं? पण केलं.

जबाब जुळायला तीन तास गेले. मयूरी कामावर होती, मग तिच्या वरिष्ठांची परवानगी, मग ओळख पटवणं. पडद्यावर आली तेव्हा अंगात इस्पितळाचा निळा कोट होता. बारीक झाली होती, असं मला नाही, काकूंना वाटलं. त्या माझ्याकडे वळून पुटपुटल्या, बघा, हाडं दिसतात. मयूरी आईकडे बघत होती आणि काकू पडद्याच्या कडेकडे.

मी नियमाप्रमाणे कागद वाचला आणि मग नियमाबाहेरचं केलं. ते इथे कबूल करते. मला सरळ विचारायचं होतं, तुम्हाला चूक माहीत होती का. मी असं विचारलं: "मयूरी, मुभा वाढल्याची नोटीस आली तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की आईने मायेनेच वाढवलीय. असंच वाटलं ना?"

याहून सोपा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारलेला नाही. मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही," मयूरी म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं."

नोटिशीत मालकाचा हुकूम जसाच्या तसा छापलेला असतो. मयूरीला दिलेलं सगळं वाढव. आत्ताच्या आत्ता वाढव. कोइमतूरला तिच्या आजूबाजूच्या कुणाला त्याचा अर्थ लागला नसता. पण ती कासार गल्लीत गल्ल्यामागे बसून मोठी झालेली पोर. वाढव म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. आईने तोडायला सांगितलंय आणि यंत्राने सगळं उघडून ठेवलंय, हे वाचताक्षणी तिच्या लक्षात आलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मग कळवलं का नाही? बघत का राहिलात?

"कळवायचंच होतं. बंद करायच्या आधी एकदा काय आहे ते बघू म्हणून कपाट उघडलं, तर आत आई बोलत होती. हिरव्या दोन-चारच्या थोड्याच राहिल्या म्हणत होती. आणि मग मला शिव्या. फोन उचलत नव्हती, पण रोज संध्याकाळी माझ्याशी भांडत होती. मी तेवढ्यासाठी थांबले. उद्या कळवू, उद्या कळवू म्हणत राहिले. चोरीच होती ती. मला माहीत आहे."

माझ्या नोकरीत मी खोटं पुष्कळ ऐकलंय. नवरे, बायका, भाऊ, सावकार, सगळे या खुर्चीसमोर खोटं बोलून गेलेत. स्वतःचं पोट भरणारं काम पणाला लावून खरं बोलणारी ही पहिलीच. मला तिचा रागही आला. अगं, मी तुला दार उघडून दिलं होतं, चालत जायचंस ना त्यातून. पण ती आईसमोर खोटं बोलायला तयार नव्हती. चोरून वाचलं होतं तेवढं पुरे, असं तिचं असावं.

काकू अजून कडेकडेच बघत होत्या. "नाडीही बघायचीस?" त्यांनी विचारलं. लेकीला उद्देशून तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.

मयूरी म्हणाली, बघायचे. दोनदा चुकली. पहिल्या वेळी डॉक्टरचा नंबर लावला आणि कापला. मागच्या वेळचं आठवलं. आई स्वतःहून दवाखान्यात गेली ते दुसऱ्या दिवशी दप्तरातल्या जाण्या-येण्यावरून कळलं, तोवर आपण काही खाल्लं नाही. आणि दुसऱ्या वेळी राहवलं नाही, म्हणून गाडी पकडून आले.

"कुठे आलीस?" काकूंनी विचारलं.

"बार्शीला. गेल्या नागपंचमीला. बाजारात समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर उभी होते. तू एका लहान मुलीला बांगड्या भरत होतीस, तिच्याशी हसत होतीस. बरी दिसलीस. मग मी गेले."

आता काकूंनी मान वळवली आणि पडद्याकडे सरळ बघितलं. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. मला वाटलं, झालं, आता तक्रार लिहून द्या म्हणणार. मी अर्जाचा कागद पुढे ओढलासुद्धा.

"दारापर्यंत येऊन गेलीस?" काकू म्हणाल्या. "तीन वर्षं चोरून ऐकलंस, ते ऐकलंस. मला ते आवडलेलं नाही आणि ते मी विसरणार नाही. पण सणाच्या दिवशी माझ्या दुकानासमोर उभी राहून, घरी न येता, उपाशी तशीच परत गेलीस? एवढी परकी झाले मी?"

मयूरीने निळ्या कोटाची बाही डोळ्यांना लावली. काकूंच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. सरकारी कामात याच्यासाठी रकाना नाही.

शेवटी मलाच बोलावं लागलं. म्हटलं, काकू, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, तक्रार करायची आहे का?

"कुणाची? हिची? नाही."

दुसरी, मुभेचं काय करायचं? मी त्यांना सगळे पर्याय समजावले. आहे तशी ठेवता येईल. पूर्वीसारखी ओसरीपुरती करता येईल. मधली माजघरापर्यंतही करता येईल, नाडीचा प्रश्न आहे म्हणून मला स्वतःला तेच बरं वाटत होतं, आणि तसं मी म्हटलंही. आणि या वेळी शब्द स्पष्ट हवा, कारण ऐकणारं यंत्र तेच आहे, सुधारणा पुण्याला कळवायला मला अजून सवड झालेली नाही.

काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्या यंत्राकडे तोंड करून, दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मयूरीला दिलेलं सगळं बंद कर."

यंत्राने विचारलं, खात्री आहे का? त्या हो म्हणाल्या. राखणदाराला एक सेकंदसुद्धा लागला नाही. कोइमतूरच्या पडद्यावर मयूरीने खाली बघितलं. तिच्या फोनवर ते आलं असणार. तिने मान हलवली. तुझा अधिकार आहे, असं म्हणाली.

"अधिकार बिधिकार मला कळत नाही," काकू म्हणाल्या. "मी भिंतीशी काय बोलते ते भिंतीपाशी राहू दे. तुझ्याशी बोलायचं ते तुझ्याशी बोलेन. आणि माझं काय चाललंय ते तुला जाणून घ्यायचं असेल तर मला विचारायचं. तोंड दिलंय ना देवाने?"

"तू फोन उचलत नाहीस," मयूरी म्हणाली.

"कर तर खरं."

जबाब संपला होता. मी सही घेतली आणि पडदा बंद केला. काकूंनी पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. घड्याळवाल्याने काय करून ठेवलंय ते सोडवा म्हणाल्या. मी मयूरीच्या नंबरावरचा अडसर काढला. फोन टेबलावर ठेवून आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. काकूंची नाडी त्या वेळी कशी चालली होती ते पाटलीला माहीत, पण पाटली आता कुणाला सांगणार नव्हती.

फोन वाजला. काकूंनी तो लगेच नाही उचलला. तीनदा वाजू दिला, मग उचलला. स्पीकरवरच, कारण त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही.

पलीकडून मयूरीने विचारलं, "आई, जेवलीस का?"

दुपारचे पावणेतीन वाजले होते. ही बाई सकाळी दहापासून माझ्यासमोर बसून होती. दोनदा मागवलेला चहासुद्धा तिने घेतला नव्हता. सकाळी घरातून निघताना काही पोटात गेलं असेल असंही तोंडावरून वाटत नव्हतं.

"जेवले की," काकू म्हणाल्या.

"काय केलं होतंस?"

"शेंगोळे. हुलग्याचे. लसूण घालून चांगले झणझणीत केले होते. एकटीला किती लागतं, उरलेत पातेलंभर."

कालपर्यंत मयूरीने साखर बघून हे खोटं जागच्या जागी पकडलं असतं. आज तिच्यापुढे आईच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. मध्ये बोलायचा मला काही अधिकार नव्हता, नाहीतर माझा स्वभाव बघता मी बोललेच असते.

"मला ठेवशील थोडे?" मयूरीने विचारलं. "शनिवारी निघते इथून. रविवारी सकाळी पोचेन."

"ठेवते की. तुझ्यासाठीच ठेवलेत."

फोन बंद झाल्यावर काकूंनी तो पिशवीत टाकला, आणि माझ्या नजरेला नजर न देता विचारलं, आज वार कोणता. मी म्हटलं, मंगळवार.

"मग होतंय," काकू म्हणाल्या आणि हुलग्याचं पीठ बघायला गिरणीकडे निघाल्या.